समुद्राकडे उघडणारं दार कोणाच्या खोलीला?

विलायतेहून टपालाची बोट मुंबईच्या बॅलार्ड पिअरला लागली की धक्क्याला चिकटून असलेल्या मोल स्टेशनातून एक गाडी सुटायची. तिचं नाव पंजाब लिमिटेड. १९१२ च्या सुमारास सुरू झालेली ही गाडी बोटीतून उतरलेले साहेब आणि टपालाच्या थैल्या घेऊन बराचसा प्रवास जीआयपी रेल्वेच्या रुळांवरून करत थेट पेशावरपर्यंत जायची. प्रवाशांचे डबे तीनच होते आणि त्यांत जागा होत्या फक्त ९६. भुसावळ मागे टाकून ती खंडव्याकडे निघाली की सावदा, निंभोरा, रावेर ही स्टेशनं वाटेत लागायची. तीच गाडी आज पंजाब मेल म्हणून धावते. सावद्याच्या शेतकऱ्याची या लोहमार्गाशी ओळख आहे ती केळीमुळे. इथून भरलेल्या केळीच्या रॅक दिल्लीकडे जातात. मार्गाच्या दुसऱ्या टोकाला समुद्र आहे, पण त्याच्याशी गावाचा संबंध फारसा येत नव्हता.

आता तो येऊ लागला आहे. सावदा, फैजपूर, रावेर भागातली कुटुंबं दिवाळीनंतर किंवा उन्हाळ्याच्या सुटीत सहलीचा बेत करतात, तेव्हा काश्मीर, केरळच्या जोडीला क्रूझचंही नाव निघतं. भुसावळला रात्रीची गाडी धरायची, सुमारे ४४५ किलोमीटर कापून सकाळी सीएसएमटीला उतरायचं आणि टॅक्सीनं काही मिनिटांत त्याच बॅलार्ड पिअरला पोचायचं. २० सप्टेंबर २०२५ रोजी तिथे मुंबई आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन झालं. चेक-इन आणि इमिग्रेशनचे ७२ काउंटर, वर्षाला १० लाख प्रवाशांची सोय आणि एका वेळी पाच जहाजं लागतील एवढा धक्का, असा त्याचा पसारा आहे. कॉर्डेलिया कंपनीचं एम्प्रेस हे जहाज २०२१ पासून मुंबईहून गोवा, लक्षद्वीप, कोचीच्या सफरी करत आलं आहे.

आणि मग बुकिंगच्या वेळी प्रश्न उभा राहतो तो खोलीचा. आतली केबिन, खिडकीची केबिन, बाल्कनीची केबिन की सूट? नवरा-बायको दोघंच निघाले असतील तर हा निव्वळ बजेटचा प्रश्न असतो. पण खानदेशातलं कुटुंब क्वचितच दोघांचं निघतं. आईवडील असतात, दोन भाऊ आणि त्यांची मुलं असतात, कधी बहिणीचंही कुटुंब सोबत असतं. किंवा शाळेपासूनचे चार मित्र आपापल्या घरच्यांना घेऊन निघतात. अशा वेळी बाल्कनी घ्यायची का, किती घ्यायच्या आणि त्यातून महत्त्वाचं म्हणजे ती कोणाच्या खोलीला घ्यायची, हे शांतपणे ठरवावं लागतं. ठरवण्याआधी जहाजाचं आतलं घर कसं असतं, ते थोडं समजून घेतलेलं बरं.

आतल्या केबिनला खिडकी नसते. दिवा मालवला की भर दुपारीही तिथे मिट्ट काळोख होतो. काहींना त्यात गाढ झोप लागते, काहींचा जीव घाबरतो. खिडकीच्या केबिनला जाड काचेची खिडकी असते. उजेड येतो, समुद्र दिसतो, पण खिडकी उघडत नाही. बाल्कनीच्या केबिनला काचेचं दार असतं आणि बाहेर दोन खुर्च्या, एक लहान टेबल मावेल एवढी उघडी जागा असते. घराच्या गॅलरीचं मोठं चित्र डोळ्यांपुढे आणून कोणी निघालं असेल, तर पहिल्या पावलालाच विरस होतो. साध्या बाल्कनीत दोन माणसं ऐसपैस बसतात, तिघं अडचणीत बसतात आणि आठ जणांच्या गप्पा तिथे रंगत नाहीत.

बाल्कन्या सगळ्या जहाजांवर सारख्या नसतात, याचं कारण जहाजाच्या जन्मसालात सापडतं. पूर्वीच्या प्रवासी जहाजांवर केबिन खाली, पाण्याच्या जवळ असायच्या. जेवणघरं आणि दिवाणखाने वर असायचे आणि जीवरक्षक नौका त्याहून वर टांगलेल्या असायच्या. पाण्यालगतच्या पोलादी भिंतीवर लाटांचा सगळा मार येतो. तिथे मोठी दारं पाडता येत नाहीत. १९८४ मध्ये प्रिन्सेस क्रूझेसनं हेलसिंकीच्या गोदीत रॉयल प्रिन्सेस हे जहाज बांधून घेतलं. इंग्लंडच्या युवराज्ञी डायना यांच्या हस्ते त्याचं नामकरण झालं. या जहाजात जेवणघरं, दिवाणखाने खालच्या अंगाला गेले आणि केबिन वर आल्या. सगळ्या ६०० केबिन बाहेरच्या बाजूच्या, म्हणजे समुद्र दिसणाऱ्या होत्या आणि त्यांतल्या १५० केबिनांना स्वतःची बाल्कनी होती. त्या काळी ही मोठी चैन समजली गेली. नव्वदच्या दशकात इतर कंपन्यांनीही हाच आराखडा उचलला.

मुंबईच्या प्रवाशाला हा इतिहास माहीत असणं उपयोगाचं आहे. एम्प्रेस हे जहाज फ्रान्समधल्या सें-नाझेरच्या गोदीत बांधलं गेलं आणि १९९० मध्ये नॉर्डिक एम्प्रेस या नावानं समुद्रात उतरलं. बाल्कनीची लाट यायच्या आधीचं हे जहाज आहे. त्यामुळे त्यात आतल्या आणि खिडकीच्या केबिनांची संख्या मोठी आहे. बाल्कनी हवी तर मिनी सूट किंवा त्याहून वरचा वर्ग घ्यावा लागतो आणि त्या खोल्या थोड्याच आहेत. याउलट सिंगापूरहून निघणारं गेंटिंग ड्रीम पाहा. २०१६ मध्ये जर्मनीतल्या पापेनबुर्ग इथे बांधलेल्या या ३३५ मीटर लांबीच्या जहाजावर सत्तर टक्क्यांहून अधिक केबिनांना बाल्कनी आहे. तिथे बाल्कनी ही सर्वसाधारण गोष्ट आहे आणि आतल्या केबिनशी तिचा भाड्यातला फरकही तुलनेनं बेताचा राहतो. मुंबईहून निघताना बाल्कनी म्हणजे वरचा वर्ग आणि सिंगापूरहून निघताना बाल्कनी म्हणजे मधला वर्ग. एकाच नावाच्या दोन वेगळ्या वस्तूंची किंमत आपण ताडून पाहत असतो, हे लक्षात ठेवावं.

समुद्र पाहायला बाल्कनी लागते, हा समज मात्र आधी बाजूला ठेवायला हवा. कोकणच्या किनाऱ्यानं पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी बोटीचा प्रवास केला तो डेकवर अंथरूण पसरून. भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली बोट हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला अशी बंदरं घेत पणजीला जायची. प्रत्येक बंदरात पडाव येऊन लागायचे आणि माणसं, ट्रंका, आंब्याच्या पेट्या चढायच्या-उतरायच्या. हा सगळा देखावा डेकवरच्या प्रत्येकाला फुकट दिसायचा. आजच्या क्रूझवरही वरचे उघडे डेक सगळ्यांचे असतात. आतल्या केबिनचा प्रवासी आणि सूटचा प्रवासी एकाच कठड्याला टेकून सूर्यास्त पाहतात. बाल्कनीसाठी मोजलेले पैसे समुद्राचे नसतात, एकांताचे असतात. पहाटे गाऊनवर बाहेर येता येणं, गर्दीत न जाता चहा घेता येणं, मूल झोपलेलं असताना त्याच्यापासून दोन पावलांवर मोकळ्या हवेत बसता येणं, एवढं त्या पैशांत मिळतं. हा एकांत आपल्या मंडळींपैकी कोणाला हवा आहे आणि दिवसाच्या कोणत्या वेळी हवा आहे, इथून हिशेब सुरू केला की बाकीचे निर्णय सोपे होतात.

मुंबई-गोवा-मुंबई ही छोटी सफर घेऊ. जहाज संध्याकाळच्या सुमारास धक्का सोडतं, रात्रभर चालतं आणि दुसऱ्या दिवशी गोव्याला पोचतं. गोव्यात लोक उतरून फिरायला जातात. परतीचा प्रवासही बराचसा रात्रीचा. म्हणजे उजेडात, जहाज चालू असताना, खोलीत बसून समुद्र पाहायचे तास फार थोडे. शिवाय जहाज किनाऱ्यापासून बरंच दूर खोल पाण्यातून जातं. बाल्कनीतून सिंधुदुर्ग किंवा विजयदुर्ग दिसेल अशी आशा धरू नये. रात्री फार तर दूरवर दिवे लुकलुकताना दिसतील. जहाजावर पहिल्यांदाच पाऊल टाकणारी मुलं आणि तरुण मंडळी या दोन दिवसांत खोलीत जेमतेम झोपायला येतात. तेव्हा या सफरीत सगळ्यांना बाल्कनी घेणं पैशाच्या दृष्टीनं शहाणपणाचं नाही. सगळ्यांत मिळून एक घ्यावी. लक्षद्वीपच्या सफरीचं गणित वेगळं आहे. तिथे अख्खे दिवस समुद्रात जातात, आजूबाजूला जमीन नसते आणि दुपारी वरचे डेक तापतात. अशा प्रवासात बाल्कनीचा रोज उपयोग होतो.

एकच बाल्कनी घ्यायची, तर तिची बाजू विचारून घ्यावी. बॅलार्ड पिअर मुंबई बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर आहे. धक्का सोडून जहाज दक्षिणेकडे निघालं की गेटवे ऑफ इंडिया, ताजमहाल हॉटेल आणि कुलाबा हे सारं उजव्या हाताला राहतं. सूर्यही अरबी समुद्रात उजवीकडेच मावळतो. म्हणजे जाताना उजवी बाजू, नाविकांच्या बोलीत स्टारबोर्ड, मुंबईचा देखावा आणि सूर्यास्त दोन्ही देते. परतताना हेच उलटं होतं. बंदरात शिरताना मुंबई डावीकडे येते. निघतानाच्या संध्याकाळचा उत्साह परतीच्या सकाळी उरत नाही, त्यामुळे निवडच करायची तर उजवी बाजू बरी. तीच बाजू दुपारी पश्चिमेचं ऊन अंगावर घेते, ही तिची दुसरी बाब. ऊन सोसत नसेल तर डावी बाजू घ्यावी आणि सूर्यास्ताला पाच मिनिटं वरच्या डेकवर जावं. केबिनच्या आकड्यावरूनही बाजू ओळखता येते. आकड्याच्या सुरुवातीला डेकचा क्रमांक असतो आणि पुष्कळ जहाजांवर सम आकडे एका बाजूला, विषम दुसऱ्या बाजूला असतात. मात्र कोणती बाजू सम, हे कंपनीगणिक बदलतं. म्हणून डेकचा नकाशा समोर ठेवूनच केबिन निवडावी. हा नकाशा कंपन्या खुला ठेवतात.

आता मुख्य प्रश्न, खोल्यांच्या वाटणीचा. समजा सावद्याचं आठ जणांचं कुटुंब आहे. सत्तरीतले आजी-आजोबा, थोरला मुलगा आणि सून त्यांच्या दोन शाळकरी मुलांसह, धाकटा मुलगा आणि सून. धाकट्यांना दोन वर्षांचं बाळ आहे असं धरलं तर नऊ. भाडं माणशी असतं आणि ते एका केबिनमध्ये दोघं राहणार असं धरून काढलेलं असतं. तिसऱ्या-चौथ्या माणसाला सहसा कमी भाडं पडतं, कारण ते सोफा-कम-बेडवर किंवा भिंतीतून खाली उतरणाऱ्या बर्थवर झोपतात. बाल्कनीचा जादा दरही माणशीच लागतो. त्यामुळे "फरक थोडाच आहे" असं एजंटनं सांगितलं, की तो आकडा माणसांच्या संख्येनं गुणून पाहावा.

या कुटुंबात बाल्कनी कोणाला द्यावी? आपल्याकडे उत्तर ठरलेलं असतं: सगळ्यांत चांगली खोली वडीलधाऱ्यांची. बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. आजी-आजोबा दिवसभर दहा मजले चढ-उतार करणार नाहीत, रात्रीच्या कार्यक्रमांना थांबणार नाहीत, पहाटे मात्र सगळ्यांच्या आधी उठतील. बाल्कनीचा सर्वाधिक उपयोग करणारी माणसं तीच. आजी बाहेर खुर्चीत बसलेली असली की नातवंडं आपोआप तिथे येतात. जुन्या घरांच्या ओट्यावर हेच घडत आलं आहे. फक्त दोन गोष्टी आधी विचाराव्यात. एक, बाल्कनीच्या दाराला उंबरा किती उंच आहे? पाणी आत येऊ नये म्हणून तो मुद्दाम उचललेला असतो आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला हलत्या जहाजात तो अडखळायला लावतो. व्हीलचेअरसाठी केलेल्या खास केबिनांना हा उंबरा सपाट किंवा उताराचा असतो, पण त्या मोजक्या असतात आणि गरज असणाऱ्यांनाच द्यायच्या असतात. दोन, लिफ्टपासून केबिन किती लांब आहे? तीनशे मीटर लांबीच्या जहाजावर टोकाची केबिन मिळाली तर जेवायला जाऊन येणं म्हणजे गावातला फेरफटका होतो.

दुसरा हक्क बाळाच्या आईबापांचा आहे आणि इकडे फार कमी लोकांचं लक्ष जातं. बाळ दुपारी दोन तास झोपतं, रात्री आठला पुन्हा झोपतं. त्या वेळी आई किंवा बाप खोलीत अडकतो. आतल्या केबिनमध्ये दिवा लावता येत नाही, बोलता येत नाही, अंधारात मोबाइल बघत बसावं लागतं. बाल्कनी असेल तर काचेचं दार ओढून बाहेर बसता येतं, बाळ डोळ्यांसमोर राहतं आणि सहल त्यांचीही होते. या कुटुंबानं दोन बाल्कन्या घ्यायच्या ठरवल्या तर एक आजी-आजोबांची आणि दुसरी धाकट्यांची. थोरल्यांच्या शाळकरी मुलांना पोहण्याचा तलाव आणि खेळ सोडून खोलीत थांबायचंच नसतं. त्यांना आतली केबिन पुरते. तीही समोरच, त्याच मार्गिकेच्या पलीकडे घ्यावी. आतली केबिन आणि तिच्या समोरची बाल्कनीची केबिन ही जोडी मोठ्या कुटुंबासाठी अनेकदा सर्वांत परवडणारी मांडणी ठरते, कारण एका दारातून दुसऱ्या दारात जायला चार पावलं लागतात आणि बाल्कनी सगळ्यांची होते.

शेजारच्या केबिन आणि कनेक्टिंग केबिन यांत गल्लत होते, तीही टाळावी. कनेक्टिंग केबिनांच्या मधल्या भिंतीत दार असतं. नकाशावर ते छोट्या बाणानं किंवा खुणेनं दाखवतात. शेजारच्या केबिनांना असं दार नसतं. पण त्यांच्या बाल्कन्यांमधलं पार्टिशन काही जहाजांवर कडीनं उघडता येतं. दोन्ही केबिन एकाच कुटुंबाच्या असतील आणि विनंती केली, तर केबिन सांभाळणारा कर्मचारी ते उघडून देतो. दोन लहान बाल्कन्यांची मिळून एक लांब जागा होते आणि चार खुर्च्या एका ओळीत बसतात. मित्रांच्या दोन-तीन कुटुंबांसाठी यापेक्षा चांगली सोय नाही. मात्र ही सोय प्रत्येक जहाजावर आणि प्रत्येक केबिनला नसते. बुकिंग करतानाच विचारावं आणि उत्तर लेखी घ्यावं.

शेवटच्या क्षणी चौथा माणूस वाढवता येत नाही, हेही अनेकांना उशिरा कळतं. खोलीत बर्थ रिकामा असला तरी त्या विभागासाठी ठरलेल्या जीवरक्षक नौकांची क्षमता भरली असेल तर कंपनी नकार देते. तो नकार योग्यच असतो. नवव्या माणसाचं नक्की नसेल तर त्याचं नाव सुरुवातीलाच घालून ठेवावं.

मित्रांच्या सहलीत वाटणी वेगळ्या कारणानं अवघड होते. कुटुंबात वडीलधाऱ्यांचा मान ठरलेला असतो. मित्रांत तीन जणांनी बाल्कनी घेतली आणि चौथ्यानं आतली केबिन घेतली, की संध्याकाळचा चहा कोणाच्या खोलीत, हे न बोलता ठरून जातं आणि चौथ्याला पाहुण्यासारखं वाटत राहतं. त्यापेक्षा एकाच गटाची एकच बाल्कनी सामायिक खर्चानं घेणं सरळ. जादा दर सगळ्यांनी वाटून घ्यायचा, खोली एका जोडप्याची आणि बाल्कनीची वेळ सगळ्यांची. हे पैशाचं बोलणं सावद्यात, निघण्याआधी झालं पाहिजे. आणि एक लक्षात असावं: बाल्कनीत बोललेलं शेजारच्या चार बाल्कन्यांत ऐकू जातं. रात्री अकरानंतरच्या गप्पा वरच्या डेकवर न्याव्यात.

लहान मुलांसाठी बाल्कनी सुरक्षित आहे का, ही आईबापांची भीती रास्त आहे. अमेरिकेनं २०१० मध्ये केलेल्या कायद्यानं तिथल्या बंदरांतून प्रवासी घेणाऱ्या जहाजांवर कठड्याची उंची किमान ४२ इंच, म्हणजे जवळपास १०७ सेंटिमीटर बंधनकारक केली. उभं राहिलेलं चार वर्षांचं मूल साधारण एवढंच उंच असतं. धोका कठड्यात नसतो, खुर्चीत असतो. खुर्ची किंवा टेबल कठड्याला लागून राहिलं की मूल त्यावर चढतं. म्हणून केबिनमध्ये शिरल्याबरोबर फर्निचर भिंतीकडे सरकवावं, दाराची वरची कडी कुठे आहे ते पाहावं आणि मोठं माणूस सोबत असल्याशिवाय मुलाला बाहेर सोडू नये. दाराचा वाऱ्याशी संबंधही समजून घ्यावा. बाल्कनीचं दार उघडं असताना केबिनचं दार उघडलं तर वारा सुसाट घुसतो आणि जड दार धाडकन आपटतं. त्या फटीत मुलांची बोटं सापडतात. कित्येक जहाजांवर दार उघडं राहिलं की एसीही बंद पडतो.

कठड्यावर टॉवेल वाळत घालू नका आणि बाल्कनीत सिगारेट ओढू नका, अशा सूचना कर्मचारी पुन्हा पुन्हा देतात, तेव्हा त्यांच्या मागे एक दुर्घटना आहे. २३ मार्च २००६ च्या पहाटे स्टार प्रिन्सेस हे जहाज जमैकाच्या दिशेनं जात असताना त्याच्या एका बाल्कनीत आग लागली. न विझलेलं सिगारेटचं थोटूक हे तिचं संभाव्य कारण ठरलं. बाल्कन्यांमधली पार्टिशनं, खुर्च्या आणि जमिनीवरचं आच्छादन प्लास्टिकच्या जातीचं होतं. वाऱ्यानं आग एका बाल्कनीतून दुसरीत आणि खालच्या डेकवरून वरच्या डेकवर चढली. बाल्कनी ही बाहेरची जागा समजली जात असल्यानं तिथे धुराची सूचना देणारी यंत्रणा आणि पाण्याचे फवारे नव्हते. एका प्रवाशाचा मृत्यू झाला. त्यानंतर आंतरराष्ट्रीय सागरी नियम बदलले. २००८ पासून बाल्कनीत सहजी न जळणारं सामान असावं, नाहीतर आग ओळखणारी आणि विझवणारी यंत्रणा असावी, असं बंधन आलं. सोबतच्या मित्रमंडळींत सिगारेट ओढणारं कोणी असेल, तर त्याला जहाजावरची धूम्रपानाची ठरलेली जागा पहिल्याच दिवशी दाखवून द्यावी.

जागा निवडताना आणखी एक व्यवहार पाहायचा. जहाज पुढून-मागून वर-खाली होतं आणि डावी-उजवीकडे डुलतं. पहिल्या हालचालीचा त्रास दोन्ही टोकांना जास्त, दुसरीचा वरच्या डेकवर जास्त. म्हणून घाटात ज्यांना गाडी लागते, त्यांना बोटही लागेल असं धरून मधल्या भागातली, मधल्या उंचीची केबिन घ्यावी. मळमळू लागल्यावर मोकळी हवा आणि स्थिर क्षितिज दिसलं की अनेकांना बरं वाटतं. इथे बाल्कनीचा खराच उपयोग होतो. सर्वांत वरच्या डेकवरची बाल्कनी दिसायला मोहक, पण तिच्या माथ्यावर पोहण्याचा तलाव असेल तर पहाटे खुर्च्या ओढल्याचा आवाज छतातून येतो. खाली नाचगाण्याचं सभागृह असेल तर मध्यरात्रीपर्यंत ठेका जाणवतो. ज्या केबिनच्या वर आणि खाली दोन्हीकडे केबिनच आहेत, ती शांत.

स्वस्त बाल्कनी दिसली की तिच्यापुढे काय आहे, ते विचारावं. काही बाल्कन्यांसमोर जीवरक्षक नौका टांगलेली असते आणि समुद्राऐवजी तिचं नारिंगी छत दिसतं. कंपन्या अशा केबिन अडलेल्या दृश्याच्या म्हणून कमी दरात देतात. हवेसाठी बाल्कनी हवी असेल तर हा सौदा वाईट नाही. २००९ च्या ओएसिस ऑफ द सीजसारख्या प्रचंड जहाजांवर तर आतल्या बागेकडे उघडणाऱ्या बाल्कन्या आहेत. त्यांतून झाडं दिसतात, समुद्र दिसत नाही. २०१८ च्या सेलिब्रिटी एजवर बाल्कनी खोलीतच सामावलेली आहे आणि बटण दाबलं की काचेचा वरचा अर्धा भाग खाली सरकतो. "गॅरंटी" नावाचा आणखी एक प्रकार असतो. वर्ग पक्का, पण केबिन कंपनी देईल ती. दोघांच्या प्रवासात तो परवडतो. नऊ जणांच्या कुटुंबानं तो घेतला तर आजी पुढच्या टोकाला आणि सून मागच्या टोकाला, अशी पांगापांग होण्याची भीती असते. मोठ्या गटानं त्याच्या वाटेला जाऊ नये.

केसरी, वीणा वर्ल्ड यांसारख्या मराठी पर्यटन कंपन्यांच्या सहलींबरोबर सिंगापूरची क्रूझ करणाऱ्यांना भाषेची, जेवणाची चिंता राहत नाही. पण गटाच्या सहलीत केबिनांचं वाटप कंपनीकडे असतं आणि पत्रकात छापलेला दर कोणत्या वर्गाच्या केबिनचा आहे, ते बारीक अक्षरांत असतं. बाल्कनी हवी असेल तर फरक भरून ती वाढवून घेता येते का, कुटुंबाच्या केबिन एकाच डेकवर मिळतील का, हे पैसे भरण्याआधी विचारण्यात संकोच नसावा. जहाज सिंगापूरहून निघून मलेशिया किंवा थायलंडला जाऊन पुन्हा सिंगापुरातच येतं, म्हणून सिंगापूरचा व्हिसा एकाहून अधिक वेळा प्रवेश देणारा आहे ना, तेही तेव्हाच पाहून घ्यावं.

वेळेचं म्हणाल तर पावसाळ्यात अरबी समुद्र खवळतो आणि मुंबईच्या सफरी थांबतात. कॉर्डेलियानं त्या महिन्यांत चेन्नईहून श्रीलंकेच्या फेऱ्या केल्या आहेत. मुंबईचा हंगाम पावसाळा ओसरल्यापासून मे महिन्यापर्यंतचा. त्यातही दिवाळी, नाताळ आणि शाळेच्या सुट्यांत एम्प्रेसवरच्या थोड्याशा बाल्कन्या लवकर संपतात. एकमेकांना लागून दोन हव्या असतील तर कित्येक महिने आधी हालचाल करावी लागते. ही टंचाई पुढे कमी होण्याची चिन्हं आहेत. नॉर्वेजियन स्काय आणि नॉर्वेजियन सन ही जहाजं कॉर्डेलियाला भाड्यानं देण्याचा करार २०२५ मध्ये जाहीर झाला. पहिलं १९९९ चं, दुसरं २००१ चं. म्हणजे दोन्ही बाल्कनीची लाट आल्यानंतर बांधलेली आणि एम्प्रेसपेक्षा मोठी आहेत. ती भारतीय बंदरांत नियमित येऊ लागली की मधल्या दरातली बाल्कनी मुंबईतूनही मिळू लागेल. तोवर सावद्याच्या कुटुंबानं एक बाल्कनी आणि तिच्या समोरच्या आतल्या केबिन हा बेत एजंटपुढे मांडावा, डेकचा नकाशा मागून घ्यावा आणि केबिनचे आकडे हातात आल्यावरच पैसे भरावेत.